स्नायूंची नावे आणि हालचालींची मराठी : एक परिभाषाचिकित्सा

१

कोणत्याही शास्त्राच्या परिभाषेला दोन ठिकाणी उत्तर द्यावे लागते. ज्या वस्तूला ती नाव देते त्या वस्तूशी ती प्रामाणिक असावी लागते, आणि ज्या भाषेत ती वावरणार त्या भाषेच्या घडणीशी तिचा मेळ बसावा लागतो. पहिली कसोटी त्या त्या शास्त्राचे जाणकार लावतात. दुसरी लावण्याचे काम भाषाभ्यासकांकडे येते, आणि ते बहुधा उशिरा येते. तोवर शब्द छापले गेलेले असतात, पाठ झालेले असतात, आणि त्यांतील दोषही रूढ झालेले असतात. मराठीतील स्नायुपरिभाषेच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे.

हा प्रश्न आज केवळ कोशापुरता राहिलेला नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत हिंगोलीच्या महाविद्यालयाचाही समावेश होता. मराठी माध्यमातून येथे येणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत ‘स्नायू’, ‘पेशी’, ‘ऐच्छिक’, ‘अनैच्छिक’ हे शब्द शिकलेले असतात. शरीररचनेच्या वर्गात त्याच्यापुढे लॅटिन व ग्रीक नावांची रास येते. आणि सेनगाव किंवा कळमनुरीकडून आलेला रुग्ण ‘पोटरीत गोळा येतो’, ‘शीर आखडली’, ‘कंबरेत उसण भरली’ अशा शब्दांत आपले दुखणे सांगतो. शाळेची, ग्रंथाची आणि रुग्णाची अशा तीन भाषा एकाच शरीराविषयी बोलत असतात. त्यांना जोडण्याचे काम परिभाषेचे होय. ते काम मराठी परिभाषेने कितपत केले, हे पाहणे हा येथील विषय आहे.

२

पहिली अडचण स्वतः ‘स्नायू’ या शब्दापासूनच सुरू होते. आज मराठीत जो अवयव ‘स्नायू’ म्हणून ओळखला जातो त्याला सुश्रुतसंहितेत ‘पेशी’ म्हटले आहे. शारीरस्थानात पेशींची संख्या ५०० दिली असून त्यांतील ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेत व तिच्यावर आहेत, अशी विभागणी केली आहे. स्नायूंची संख्या मात्र ९०० आहे. ६०० हातापायांत, २३० धडात, ७० मानेत व तिच्यावर. सुश्रुताच्या वर्णनात स्नायू हे सांधे बांधून ठेवणारे बंध आहेत. अनेक दोरांनी आवळून बांधलेल्या फळ्यांची नाव जसा पाण्यात भार वाहते, तसे शरीर स्नायूंच्या बंधांमुळे भार सहन करते, असा दृष्टांत तेथे येतो. म्हणजे संस्कृतातील ‘स्नायू’ हा प्रामुख्याने बांधणारा आहे. हलवण्याची कल्पना त्या शब्दाच्या केंद्रस्थानी नाही.

पुढे भारतीय भाषांनी हे दोन शब्द आपापल्या परीने वाटून घेतले. बंगालीत व जुन्या हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मराठीतला स्नायू. मराठीत ‘पेशी’ हा शब्द सजीवांच्या सूक्ष्म घटकाला मिळाला, ज्याला हिंदी ‘कोशिका’ म्हणते. परिणाम असा की, ‘स्नायविक दुर्बलता’ असे हिंदी जाहिरातीत वाचणारा मराठी वाचक स्नायूंचा अशक्तपणा समजतो आणि लिहिणाऱ्याला मात्र मज्जातंतूंचा अभिप्रेत असतो. ‘पेशी’ची गत याहून अवघड आहे, कारण स्नायूही पेशींचाच बनलेला असतो. हिंदी ग्रंथातले ‘पेशी की कोशिका’ मराठीत शब्दशः उतरवू पाहणाऱ्याला ‘पेशीची पेशी’ असे लिहिण्याची पाळी येईल.

शब्दाचा अर्थ भाषेभाषेत पालटतो, यात दोष नाही. तो भाषेचा स्वभाव होय. ‘स्नायू’ मराठीत आता इतका रुळला आहे की तो बदलू पाहणे व्यर्थ ठरेल. दोष आहे तो वेगळ्याच गोष्टीत. मराठीने नामांचे मूळ शब्द आपल्या पद्धतीने पालटले, परंतु त्यांच्यापासून साधायची विशेषणे व संयुक्त नावे मात्र जुन्या संस्कृत ग्रंथव्यवस्थेतून जशीच्या तशी उचलली. पाया एका घराचा आणि भिंती दुसऱ्या घराच्या, अशी ही बांधणी झाली.

३

या बांधणीचे स्वरूप कळण्यासाठी युरोपीय नावे कशी तयार झाली हे आधी पाहणे आवश्यक आहे. ती नावे प्राचीन असल्यामुळेच तर्कशुद्ध आहेत, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाग्रंथात व्हेसेलियसने स्नायूंना बहुतांशी क्रमांकच दिले होते. नावांची व्यवस्था त्याच्या काळात व त्यानंतर हळूहळू बसत गेली. एकाच अवयवाला देशोदेशी वेगवेगळी नावे पडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीररचनेतील नावांची संख्या सुमारे ५०,००० वर गेली होती. १८९५ मध्ये बाझेल येथे ती छाटून सुमारे ५,००० वर आणण्यात आली. १९५५ मध्ये पॅरिस येथे आणि पुन्हा १९९८ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या. म्हणजे ज्या नावांना अढळ मानले जाते ती वारंवार दुरुस्त होत आली आहेत.

या नावांच्या मुळाशी काही ठरावीक तत्त्वे आहेत. स्नायू कोठे आहे, केवढा आहे, कोणत्या आकाराचा आहे, त्याचे तंतू कोणत्या दिशेने जातात, त्याला किती शिरे म्हणजे आरंभाची टोके आहेत, तो कोणत्या हाडांना जोडलेला आहे आणि तो काय करतो. या सातांपैकी एक वा अनेक गोष्टी नावात येतात. खांद्यावरचा ‘डेल्टॉइड’ हा ग्रीक वर्णमालेतील त्रिकोणी अक्षरावरून, दंडाचा ‘बायसेप्स’ हा दोन शिरांवरून, छातीचा मोठा ‘पेक्टोरॅलिस मेजर’ हा जागा व आकारमान या दोहोंवरून. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही नावे ठेवणाऱ्यांनी आपल्या रोजच्या भाषेतलेच शब्द घेतले. ‘मसल’ या शब्दाचे मूळ असलेला लॅटिन शब्द ‘मुस्कुलुस’ याचा अर्थ छोटा उंदीर असा आहे. कातडीखाली स्नायू सरकतो तेव्हा उंदीर पळाल्याचा भास होतो, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ग्रीक भाषेतही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द आहे.

मराठी मुलाने हीच गोष्ट पाहिली आणि तिला बेडूक दिसला. दंड वाकवून फुगवलेल्या स्नायूला मराठी ‘बेटकुळी’ म्हणते, काही ठिकाणी ‘बेडकुळी’. रोमन माणसाचा उंदीर शास्त्राच्या दारातून आत जाऊन मानवी देहातील सहाशेहून अधिक स्नायूंचे सामान्यनाम झाला. मराठी माणसाची बेटकुळी मुलांच्या खेळापुरती राहिली. दोन शब्दांच्या योग्यतेत फरक नव्हता. फरक होता तो शास्त्र कोणत्या भाषेत लिहिले जात होते याचा.

४

मराठीला स्नायूंची शास्त्रीय नावे मिळाली ती मुख्यतः संस्कृताच्या मार्गाने. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कलकत्त्याचे महामहोपाध्याय गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ रचून आधुनिक शरीररचनेला संस्कृत नावे दिली. आयुर्वेद महाविद्यालयांतून ती भारतभर पसरली. हे काम असामान्य होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खांदा झाकणारी ती ‘अंसच्छदा’, छाती झाकणारी ती ‘उरश्छदा’, दोन शिरांची ‘द्विशिरस्का’, तीन शिरांची ‘त्रिशिरस्का’. या नावांत केवळ भाषांतर नाही. ‘डेल्टॉइड’चे ग्रीक अक्षर भारतीय विद्यार्थ्याला निरुपयोगी आहे हे ओळखून सेन यांनी त्या जागी झाकण्याची कल्पना आणली. संस्कृतात समास सहज होतो. ‘च्छद’ या एका पदाने स्नायूंचा एक वर्गच बांधला गेला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या परिभाषाकोशांत शरीरशास्त्राचाही विचार झाला, तेव्हा हा संस्कृत वारसा हाताशी होताच.

तथापि, हा वारसा मराठीत आणताना दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले. पहिली लिंगाची. संस्कृतात ‘पेशी’ स्त्रीलिंगी असल्यामुळे सगळी नावे स्त्रीलिंगी झाली. मराठीत ‘स्नायू’ पुल्लिंगी. म्हणून मराठी पुस्तकांत ‘द्विशिरस्क स्नायू’ असे रूप करावे लागते, आणि त्याच पुस्तकात एखादे नाव मूळच्या ‘आ’कारान्त रूपातच राहून जाते. ‘दीर्घायामा स्नायू’ असे वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते विशेषण आहे की विशेषनाम, हे उमगत नाही.

दुसरी गोष्ट ध्वनीची. ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी या दोन शब्दांत उच्चाराचे अंतर अत्यल्प आहे, आणि सामान्यरूपात ते जवळजवळ नाहीसेच होते. शरीराविषयी बोलताना मराठी माणसाच्या कानाला ‘शीर’ अधिक जवळची. त्यामुळे ‘द्विशिरस्क’ ऐकल्याबरोबर अनेकांना दोन शिरांचा म्हणजे दोन रक्तवाहिन्यांचा स्नायू वाटावा, हे स्वाभाविक आहे. लेखणीला जे स्पष्ट आहे ते कानाला संदिग्ध ठरते. वैद्यकाचे पुष्कळसे शिक्षण मात्र कानानेच होते. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती आणि रुग्णाच्या खाटेशी.

मराठवाड्याच्या संदर्भात येथे आणखी एका अध्यायाची आठवण ठेवली पाहिजे. १९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि त्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग चालवला. वैद्यकाचे ग्रंथही उर्दूत आणले. त्या परिभाषेत स्नायूला ‘अझला’ म्हणत. तीही मुख्यतः अरबीच्या आधाराने उभी होती, आणि अरबीतही दंडाच्या स्नायूचे नाव ‘दोन डोक्यांचा’ याच अर्थाचे आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या अवधीत या प्रदेशातील विद्यार्थ्यापुढे तोच स्नायू लॅटिनमधून, अरबीतून आणि संस्कृतातून असा तीन वेळा आला, आणि तिन्ही वेळा त्याने आपली दोन डोकीच दाखवली. तो हाताचे काय करतो, हे तिन्ही नावांनी सांगितले नाही.

५

येथे परिभाषेच्या खऱ्या उणिवेपाशी येऊन पोचतो. नाव ठेवणे ही निम्मी गोष्ट. स्नायू हालचाल कशी घडवतो हे सांगणे ही उरलेली निम्मी. मराठी परिभाषेने पहिल्या भागावर जितके श्रम केले तितके दुसऱ्यावर केले नाहीत.

सांगाड्याचा स्नायू दोन्ही टोकांना, बहुधा कंडरेच्या द्वारे, हाडांना जोडलेला असतो आणि मध्ये किमान एक सांधा ओलांडतो. त्याला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीसाठी उलट हालचालीचा जोडीदार लागतो. दंडाच्या पुढचा बायसेप्स ओढतो तेव्हा कोपर वाकते. मागचा ट्रायसेप्स ओढतो तेव्हा ते सरळ होते. हाडे तरफेसारखी वागतात आणि तरफेचा हिशेब स्नायूच्या गैरसोयीचा असतो. बायसेप्स कोपरापासून अवघ्या ४-५ सेंटीमीटरवर हाडाला चिकटतो आणि तळहात सुमारे ३५ सेंटीमीटरवर असतो. त्यामुळे काटकोनात वाकवलेल्या हातावर ५ किलोची हळदीची पिशवी धरली, तर वाकवणाऱ्या स्नायूंना तिच्या सात-आठ पट ओढ द्यावी लागते. बळ खर्च करून गती आणि पल्ला मिळवायचा, असा हा व्यवहार आहे.

हे सर्व सांगताना मराठी पुस्तके ‘आकुंचन’ आणि ‘प्रसरण’ हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. स्नायू ओढ घेतो तेही आकुंचन, आणि सांधा वाकतो तेही आकुंचन. यातून ‘त्रिशिरस्काच्या आकुंचनाने हाताचे प्रसरण होते’ असे वाक्य तयार होते. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे. परंतु ज्याला विषय आधीच कळला आहे त्यालाच ते कळते. स्नायूत घडणारी घटना आणि सांध्यात घडणारी घटना या दोन भिन्न घटनांना एकच नाव दिल्याचा हा परिणाम होय. हिंदी परिभाषेने येथे ‘संकुचन’ आणि ‘आकुंचन’ असा भेद केला आहे. मूळ परंपराही अशीच होती. वैशेषिक दर्शनात कर्माचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत उत्क्षेपण, अवक्षेपण व गमन यांच्याबरोबर आकुंचन आणि प्रसारण येतात. ती अंगांच्या वा वस्तूंच्या गतीची नावे आहेत. मराठीने तो शब्द स्नायूच्या आतील क्रियेला देऊन टाकला आणि सांध्याकडे नवा शब्द दिला नाही.

याहून सूक्ष्म अडचण अशी की, स्नायूचे ‘आकुंचन’ म्हणजे आखूड होणे असेही नेहमी नसते. भरलेली घागर नुसती धरून ठेवली असता दंडाचा स्नायू ताण घेतो, पण त्याची लांबी बदलत नाही. ती सावकाश खाली ठेवताना तर तो ताण घेत असतानाच लांब होत जातो. १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवून दिले की, स्नायूतील सूक्ष्म तंतू स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. तेव्हा आखूडपणावर बेतलेला शब्द या क्रियेला अपुरा पडतो. मराठीत ‘आवळणे’ हे क्रियापद आहे. मूठ आवळली, दोर आवळला, असे म्हणताना लांबी घटली की नाही हा प्रश्न गौण असतो; ताण वाढला हे मुख्य असते. ‘पीळ’ या शब्दातही तीच जाण आहे. कमावलेल्या दंडाला मराठी माणूस ‘पिळदार’ म्हणतो. दोराला पीळ द्यावा तसा. शास्त्राला जी छटा हवी होती ती बोलीत तयार होती. परिभाषा करणाऱ्यांनी तिकडे पाहिले नाही.

६

सांध्यांच्या हालचालींसाठी मराठीकडे किती संपत्ती आहे, हे दोनतीन उदाहरणांवरून दिसेल.

हाताचा तळवा वर येतो त्या स्थितीला मराठी ‘उताणा हात’ म्हणते आणि खाली जातो त्या स्थितीला ‘पालथा हात’. संस्कृतनिष्ठ परिभाषेत यांनाच ‘उत्तानन’ व ‘अवतानन’ म्हटले जाते. ‘उताणा’ हा ‘उत्तान’चाच वंशज, पण ‘पालथा’च्या जागी ‘अवतान’ आणून मराठीने एक जिवंत जोडी मोडली. आणि या जोडीवाचून बायसेप्सचे कार्य सांगताच येत नाही. हा स्नायू ज्या हाडाला चिकटतो ते हाड हात वळताना स्वतःभोवती फिरते. त्यामुळे पालथा हात उताणा करणे हे त्याचे कोपर वाकवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळताना बेटकुळी टणक होते, ती याच कारणाने. हात पालथा ठेवून ओझे उचलले तर बायसेप्सचा जोर कमी पडतो आणि त्याच्या खाली दडलेला ब्रेकिॲलिस हा स्नायू मुख्य भार घेतो. तो न फिरणाऱ्या हाडाला जोडलेला असल्यामुळे हात उताणा की पालथा, याने त्याला फरक पडत नाही. एवढे सारे ‘उताणा’, ‘पालथा’ आणि ‘वाकवणे’ या तीन शब्दांत सांगता येते, आणि ते रुग्णालाही कळते.

दुसरे उदाहरण पोटरीचे. पायाच्या मागील फुगीर स्नायूचे नाव गॅस्ट्रोक्नीमियस. त्यातील ग्रीक पदांचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो. ‘पोटरी’चे ‘पोटा’शी असलेले नाते मराठी भाषकाला सांगावे लागत नाही, ज्वारीचे कणीस पानात दडून फुगते तेव्हा पीक ‘पोटरीत आले’ असे शेतकरी म्हणतो. दोन असंबद्ध भाषकसमाजांनी एकाच अवयवाकडे पाहून एकच उपमा केली. संस्कृत परिभाषेत मात्र ‘जंघापिण्डिका’ आली. मराठी विद्यार्थ्याने ‘जंघा’ म्हणजे मांडी असे धरले, तर त्याला चूक म्हणता येणार नाही. आजच्या मराठीत तो अर्थ प्रचलित आहे. संस्कृतात मात्र जंघा गुडघ्याच्या खाली असते. परिभाषेने येथे स्नायू एका सांध्याने वर सरकवला असे म्हणावे लागते.

तिसरे उदाहरण हिंगोलीच्याच मातीतले म्हणता येईल. कयाधूकाठचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते, आणि नामदेव शिंपी समाजातले. मानवी देहातील सर्वांत लांब स्नायूचे लॅटिन नाव शिंप्यावरूनच पडले आहे. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूस पोचणारा हा सार्टोरियस. लॅटिन ‘सार्टोर’ म्हणजे शिंपी. तो ज्या बैठकीत शिवणकाम करी तिच्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. हा स्नायू मांडी वर उचलतो, बाहेर फाकवतो, बाहेरच्या अंगाला वळवतो आणि गुडघा मुडपतो. या चार हालचाली एकत्र केल्या की जे होते त्याला मराठीत एकच क्रियापद आहे : ‘मांडी घालणे’. अवयवाचे नाव आणि त्याची बैठक यांना मराठीने एकाच शब्दात गोवले आहे. संस्कृत परिभाषेने या स्नायूला ‘दीर्घायामा’ म्हटले. ते लांबीचे सत्य सांगते. परंतु शिंपी गेला, बैठक गेली आणि तिच्याबरोबर हालचालही गेली.

कामावरून हालचालीला नाव देण्याची ही रीत मराठीला परकी नाही. कुस्तीतला ‘धोबीपछाड’ हा डाव धोब्याच्या कपडे आपटण्यावरून ओळखला जातो आणि ज्याने तो एकदा पाहिला त्याला पुन्हा वर्णन करावे लागत नाही. बडोद्याहून निघालेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ पाहिला तर शरीराच्या हालचालींविषयी विस्ताराने लिहिण्याचे सामर्थ्य मराठी गद्यात होते, याविषयी शंका उरत नाही. वैद्यकाची परिभाषा करताना आखाड्याची ही भाषा विचारात घेतली गेली असती, तर ‘मुडपणे’, ‘फाकवणे’, ‘वळवणे’, ‘ताठ करणे’ ही क्रियापदे शास्त्राला मिळाली असती. त्याऐवजी शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेण्याच्या हालचालीला ‘अपवर्तन’ हा शब्द सुचवला गेला. तोच शब्द विद्यार्थ्याने प्रकाशाच्या धड्यात वेगळ्याच अर्थाने शिकलेला असतो.

७

येथवरचे विवेचन वाचून लोकभाषेतून सारी परिभाषा उभी राहील असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. लोकभाषेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत.

लोक जे दिसते आणि जे दुखते त्यालाच नाव देतात. बेटकुळी दिसते म्हणून तिला नाव आहे. तिच्या खालच्या ब्रेकिॲलिसला बोलीत नाव नाही, कारण त्याची जाणीवच नाही. पोटरी एकच, पण तिच्यात वर गॅस्ट्रोक्नीमियस आणि खाली सोलियस असे दोन मोठे स्नायू आहेत. चवड्यावर उभे राहताना दोघेही टाच उचलतात. उकिडवे बसून हळदीच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बाईचा गुडघा मुडपलेला असतो. गुडघ्यावरून जाणारा वरचा स्नायू त्या स्थितीत सैल पडतो आणि टाच उचलण्याचे काम बहुतांशी खालच्याकडे येते. हा भेद उपचारासाठी मोलाचा आहे आणि ‘पोटरी’ या शब्दात तो नाही. ‘शीर आखडली’ असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या मनात रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा आणि स्नायू यांची वेगवेगळी खाती नसतात. त्याचा अनुभव खरा असतो. वर्गीकरण मात्र वैद्याला करावे लागते.

दुसरी मर्यादा शब्दसिद्धीची. संस्कृतात ‘आकुंचक’, ‘प्रसारक’ अशी कर्तृवाचक नामे अखंड तयार होतात आणि त्यांवर पुढचे समासही चढतात. मराठीत ‘वाकवणारा’, ‘फाकवणारा’ ही रूपे होतात, पण त्यांचा समास होत नाही. अंगठ्याच्या बारीक बारीक स्नायूंची नावे या पद्धतीने केली तर प्रत्येक नाव एक वाक्य होऊन बसेल.

तिसरी मर्यादा लॅटिन नावांनाही लागू आहे. नाव म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. सार्टोरियस हा शिंप्याचा स्नायू खरा. परंतु तो लांब आणि बारीक असून मांडी घालण्यातला फार थोडा जोर त्याचा असतो. मोठा भाग इतर बलवान स्नायू उचलतात. नाव लक्षात राहण्यास मदत करते. ते कार्याची साक्ष देते असे मानणे धोक्याचे आहे.

८

तेव्हा निर्णय काय करावा? १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत शास्त्रीय नावे बव्हंशी इंग्रजीचीच, फक्त देवनागरीत लिहिलेली आहेत. ही वाट उपहासाचा विषय झाली. परंतु तिच्यात एक व्यवहार आहे. जगभरच्या वैद्यांना जे नाव एकमेकांशी बोलताना लागते ते बदलण्यात लाभ कमी आणि तोटा अधिक. तिची उणीव एवढीच की, नाव इंग्रजी ठेवल्यावर क्रियापदाचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वाक्याचा प्राण क्रियापदात असतो.

मराठीपुढे म्हणून दुहेरी व्यवस्था असावी. स्नायूंची विशेषनामे आंतरराष्ट्रीय ठेवावीत किंवा रुळलेली संस्कृत नावे वापरावीत. त्यांत एकवाक्यता असली म्हणजे पुरे. परंतु हालचालींची परिभाषा मराठी क्रियापदांतून बांधावी. स्नायू आवळतो आणि सैल होतो; सांधा वाकतो आणि सरळ होतो; हात उताणा होतो आणि पालथा; पाय फाकतो आणि जवळ येतो; गुडघा मुडपतो. मराठीत ‘वाकणे’ आणि ‘वाकवणे’ असा भेद क्रियापदाच्या रूपातच आहे. सांधा वाकतो, स्नायू वाकवतो. शास्त्राला हवा असलेला कार्य आणि कारण यांचा भेद व्याकरणाने आधीच करून ठेवला आहे. ‘आकुंचन’ या एका नामाने तो पुसला गेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती माध्यमांचे वैद्यकवर्ग चालत. म्हणजे मराठीतून शरीर शिकवण्याचा प्रश्न आज प्रथमच निघालेला नाही. तो सुटता सुटता राहिलेला आहे. हिंगोलीतील तरुण डॉक्टर कळमनुरीच्या शेतमजूर बाईला व्यायाम सांगेल, तेव्हा तो तिला आकुंचन आणि प्रसरण करायला सांगणार नाही. ‘पाय पसरा, चवडा आपल्याकडे ओढा, पोटरीला ताण लागू द्या’, असेच तो म्हणेल. ते वाक्य शास्त्रशुद्ध आहे. वैद्यकाच्या मराठी पुस्तकातही तेच वाक्य सापडावे, इतकीच परिभाषाकारांकडून अपेक्षा आहे.